दुपारची सावली कुणाची: चंद्रपूर-गडचिरोलीतील मध्यान्ह विसाव्याचा इतिहास

मराठीतील ‘दुपार’ हा शब्द ‘दोन प्रहर’ या मोजणीतून आलेला आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे चार प्रहर, म्हणजे साधारण तीन-तीन तासांचे चार भाग, धरले तर दोन प्रहर उलटतात ती वेळ दुपारची. जुन्या लिखाणात ‘दोन प्रहरी’, ‘तिसऱ्या प्रहरी’ असे उल्लेख येतात ते याच हिशेबाने. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत हा शब्द घड्याळापेक्षा उन्हाशी अधिक जोडलेला राहिला, कारण येथे उन्हाळ्याचा दिवस मधोमध दुमडला जातो: एक तुकडा पहाटेपासून ऊन चढेपर्यंतचा, दुसरा ऊन उतरल्यापासून अंधार पडेपर्यंतचा, आणि मधली घडी सावलीची. लहान मुलांना घेऊन घराबाहेर पडणाऱ्याने, मग ते मजुरीसाठी असो, यात्रेसाठी असो की सहलीसाठी, या मधल्या घडीचे काय करावे, हा प्रश्न करमणुकीच्या उद्यानांच्या काळात नव्याने विचारला जाऊ लागला आहे. परंतु या प्रदेशात त्याला बराच जुना इतिहास आहे, आणि तो विश्रांतीपेक्षाही सावलीच्या मालकीचा इतिहास आहे.

आजचे हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्याआधी, नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर, तो ‘चांदा’ जिल्हा म्हणून ओळखला जात असे. समुद्रापासूनचे अंतर आणि उन्हाळ्यात वाहणारे कोरडे उष्ण वारे यांमुळे चंद्रपूर शहरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे मानले जात नाही, आणि काही वर्षी तो ४७-४८ अंशांपर्यंत पोचतो. कोळशाच्या खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र यांच्याकडे या उष्णतेचा दोष अनेकदा दिला जातो, व त्यांनी शहराच्या तापात भर घातली असणे शक्यही आहे. पण ऊन त्यांच्याही आधीचे आहे. बाहेरच्या माणसाची आणखी एक समजूत येथे दुरुस्त करावी लागते. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे हे ऐकून तेथे बारमाही गारवा असेल असे वाटते; प्रत्यक्षात हे जंगल पानझडीचे आहे. साग, सालई, मोह अशी झाडे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतात, त्यामुळे एप्रिल महिन्यात मैलोगणती झाडे असूनही सावली अशी पडत नाही, पडते ती फांद्यांची जाळी. खरी सावली नाल्याकाठच्या अर्जुन-जांभळाखाली, गावाच्या चिंचेखाली, आंब्याखाली आणि वडाखाली मिळते. दुपारी माणसे कोठे थांबत, जनावरे कोठे बसत आणि वाटसरू कोठे उतरत, हे या मोजक्या झाडांनी ठरवलेले होते.

शास्त्राचा आधार शोधायचा तर तोही या व्यवहाराच्या बाजूनेच मिळतो. आयुर्वेदात दिवसा झोपणे, ज्याला ‘दिवास्वप्न’ म्हणतात, सामान्यतः निषिद्ध मानले आहे. तथापि चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात या निषेधाला जे अपवाद दिले आहेत त्यांत बालक, वृद्ध, दुर्बल आणि वाटचालीने थकलेले यांचा समावेश आहे, आणि ग्रीष्म ऋतूत तर रात्री लहान व शरीर शुष्क होत असल्यामुळे सर्वांनाच दिवसाची झोप मोकळी केली आहे. म्हणजे ज्या परंपरेने दिवसाच्या झोपेला आळसाची बहीण ठरवले, तिनेच लहान मूल, प्रवास आणि उन्हाळा या तिन्ही ठिकाणी सूट दिली. मे महिन्यात पोर कडेवर घेऊन निघालेल्या माणसाला या तिन्ही सवलती एकदम लागू होतात. आधुनिक बालवैद्यकाचे म्हणणे वेगळ्या भाषेत तेच आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे भोवतालची हवा अंगापेक्षा तापली की ते मोठ्या माणसाहून लवकर तापते, त्याला घाम कमी येतो आणि तहान लागल्याचे ते वेळेवर सांगत नाही. शिवाय एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलकीसह ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. ‘वामकुक्षी’ हा शब्द, म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडणे, मात्र या चर्चेत जपून वापरावा लागतो, कारण तो ओसरी असलेल्या, भरल्या ताटावरून उठलेल्या गृहस्थाचा शब्द आहे. जंगलात राबणाऱ्या माणसाची दुपार त्या शब्दात बसत नाही.

ती दुपार कशी होती हे समजण्यासाठी मोह आणि तेंदू या दोन हंगामांकडे पाहणे उपयोगी ठरते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे गळतात. ती उन्हाने सुकण्याआधी आणि जनावरांनी खाण्याआधी वेचावी लागतात, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच साफ करून ठेवलेला असतो, आणि दिवस उजाडताच टोपल्या घेऊन सगळे कुटुंब झाडाखाली हजर होते. अंगावर पिणारे मूल घरी ठेवण्याचा प्रश्नच नसल्यामुळे तेही बरोबर असते, आणि चालते-बोलते मूल तर वेचणाऱ्यांतच मोडते. ऊन चढले की हे काम आपोआप थांबते, कारण फुले गळायची थांबतात. येथे विश्रांतीची वेळ मालकाने ठरवलेली नसून झाडाने ठरवलेली आहे, हा या हंगामाचा मोठा गुण होय.

तेंदूचा हंगाम त्यामानाने कठोर आहे. विडीसाठी लागणारे हे पान फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटल्यावर येणाऱ्या नव्या धुमाऱ्यांवर तयार होते, आणि एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंतच्या थोड्या दिवसांतच ते तोडावे लागते. मजूर पहाटे, अनेकदा अंधारातच, जंगलात शिरतात आणि ऊन तापायच्या आत ओझे घेऊन परततात. त्यानंतर जे सुरू होते त्याला विश्रांती म्हणणे धाडसाचे ठरेल. पाने एकावर एक लावून ७० पानांचा एक ‘पुडा’ बांधायचा, असे पुडे संध्याकाळपर्यंत गावाजवळच्या ‘फळी’वर, म्हणजे संकलन केंद्रावर, पोचवायचे आणि तेथे मोजून द्यायचे, असा हा क्रम असतो. महाराष्ट्रात १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात, म्हणजे एका गोणीमागे ७०,००० पाने माणसांच्या बोटांखालून गेलेली असतात. हे बांधण्याचे काम भर दुपारी, आंगणातल्या मांडवाखाली किंवा सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, चालते. तान्हे मूल आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपते, आई एका पायाने झोळीला झोका देत पाने लावते, आणि सहा-सात वर्षांचे पोर लहान-मोठी पाने वेगळी करते. उन्हापासून सुटका झाली, कामापासून झाली नाही. पुरुष या वेळी बाजेवर कलंडलेला दिसू शकतो; बाई कलंडलेली दिसणे अवघड. मध्यान्ह विसाव्याच्या कोणत्याही इतिहासात ही विषमता नोंदवली नाही तर तो इतिहास अर्धाच राहतो, कारण दुपारी मूल झोपते ते कुणीतरी जागे राहते म्हणून.

१९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूसारख्या वनोपजाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला आणि पुढे वनहक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभांनी पानांची विक्री स्वतःच्या हाती घेतली. त्यामुळे मजुरीचा हिशेब बदलला, परंतु दिवसाची घडी तशीच राहिली. पान कधी तोडायचे आणि कधी बांधायचे याचा निर्णय आजही उन्हाच्याच हाती आहे. पावसाळ्यातील रोवणीचे, म्हणजे धानाची रोपे चिखलाच्या बांधीत लावण्याचे, गणित निराळे आहे. तेव्हा ऊन शत्रू नसते, दुपारची सुट्टी भाकरीपुरती असते, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवलेल्या पोराला सावलीपेक्षा कोरडी जागा मिळणे महत्त्वाचे ठरते.

माणसांच्या बरोबरीने गुरांचीही दुपार या प्रदेशात ठरलेली होती. गावची गुरे सकाळी ‘आखरा’वर, म्हणजे गावाच्या कडेला राखलेल्या मोकळ्या जागी, गोळा होत, आणि ‘गायकी’, म्हणजे गावाने वर्षाच्या धान्यावर ठेवलेला गुराखी, त्यांना रानात नेई. दुपारी पाण्याजवळच्या दाट झाडाखाली कळप बसवायचा, गुरांनी रवंथ करायचे, आणि गायकीने व त्याच्याबरोबर आलेल्या पोरांनी शिदोरी सोडायची, हा नित्याचा परिपाठ होता. गुराख्याची पोरे हीच बहुधा या प्रदेशातील दुपारची खरी मालक होती. विटी-दांडू, झाडावरचे खेळ, डोहातले पोहणे या सगळ्याला जी वेळ मिळे ती गुरे बसलेली असतानाची. या थांब्याची झाडे व पाणवठे पिढ्यानपिढ्या ठरलेले असत, आणि त्यांच्यावर कुणाचे नाव नसे.

नाव लागले ते वनकायद्यांनी. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांनी जंगलाचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले, आणि राखीव जंगलात चराई, वावर व सरपण यांवर परवान्याची अट आली. गडचिरोलीकडील जमीनदाऱ्यांत, उदाहरणार्थ अहेरीत, जंगल जमीनदाराच्या ताब्यात असल्यामुळे हा बदल उशिरा पोचला. १९५१ मध्ये जमीनदारी व मालगुजारी संपल्यावर तेथील जंगलेही शासनाकडे आली. गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटीला या भागात ‘निस्तार’ म्हणतात, आणि तिची नोंद ज्यात होते त्या निस्तारपत्रकाला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही जागा दिली. याच संहितेत सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवायच्या जमिनींत गुरचरण, स्मशान, खळवाडी आणि बाजार यांच्या जोडीला तळ देण्याच्या जागेचाही उल्लेख आहे. म्हणजे वाटसरूने बंडी, अर्थात बैलगाडी, सोडून दुपारी पडायचे कोठे, हा एके काळी महसूलखात्याने लक्षात घ्यावा असा विषय होता. मोटारींचे रस्ते आले, दुपारी पडायची गरज उरली नाही असे सर्वांनी गृहीत धरले, आणि अशा पुष्कळ जागांवर आज इमारती आहेत.

घड्याळाची दुपार या जिल्ह्यात खाणींबरोबर आली. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूरच्या परिसरात खाणकाम वाढले. जमिनीखाली ऊन नसते, त्यामुळे शेतातल्या माणसाला झाड किंवा आकाश पाहून जी सुट्टी आपोआप मिळते ती खाणीत मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा मोठ्याने मागितली गेली मुंबईत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जो अर्ज तयार केला त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांपर्यंत कामाला लावण्यास मुभा दिली होती आणि त्यांच्यासाठी एक तासाची विश्रांती सांगितली होती. १८९१ च्या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद केली. सात वर्षांच्या मुलाच्या विश्रांतीचा कायदा करावा लागावा, यातच त्या काळाचे वर्णन आले. खाणींच्या बाबतीत १९२३ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, आणि स्त्रियांचे भूमिगत काम १९३७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले. तोपर्यंत देशातील अनेक खाणींत नवरा-बायको जोडीने खाली उतरत, आणि त्यांच्या मुलांची दुपार कशी जाई याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

या सगळ्या कायद्यांत एक कलम मात्र असे आहे की जे येथील गायकीलाही समजले असते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार यांच्याबरोबर मुलांसाठी सावली व विश्रांतीचा काळ यांची सोय करण्यास सांगितले आहे, आणि कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद आहे. मुलांची सावली आणि विश्रांती ही दोन्ही एकाच वाक्यात आणणारे कायदे जगात फार नसावेत. आखाती देशांपैकी संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे, पण ती बिनमुलांच्या, एकट्या परदेशी मजुराला गृहीत धरून केलेली आहे. अंमलबजावणीचे म्हणाल तर पत्र्याचे छप्पर आणि पाण्याची कॅन यांपलीकडे हे कलम किती ठिकाणी पोचते हे ज्याने त्याने रस्त्याच्या कामावर थांबून पाहावे.

श्रमाची नवी संस्कृती घडवू पाहणाऱ्यांनाही ही घडी मोडता आली नाही. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६८ पासून मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवण्यास सुरुवात केली, तेव्हा श्रमदान सकाळच्या वेळी आणि व्याख्याने, चर्चा उन्हाच्या वेळी छताखाली अशीच दिवसाची मांडणी झाली. शाळांचेही तेच. विदर्भात उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते आणि उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या काही दिवस मागाहून, जून महिना सरत आल्यावर, उघडतात. पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाने चालणाऱ्या राज्याने विदर्भाच्या उन्हाला दिलेली ही मोजक्या सवलतींपैकी एक होय.

करमणुकीच्या बाहेर पडण्याला या प्रदेशात दोन जुने प्रकार आहेत आणि दोन्हींची दुपार परस्परांच्या उलट आहे. पहिला चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेचा. गोंड राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधवलेल्या या मंदिराची यात्रा चैत्राच्या शुद्ध पक्षात भरते आणि पौर्णिमेपर्यंत चालते. तिला स्थानिकांपेक्षाही नांदेडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून आणि तेलंगणातून येणाऱ्या भाविकांची गर्दी मोठी असते. मांडीवरच्या पोरांना घेऊन, नवस फेडायला आलेली ही कुटुंबे झरपट नदीवर स्नान करून दर्शनाला जातात. चैत्राचे ऊन अंगावर घेत रांगेत उभे राहण्यापेक्षा पहाटे आणि संध्याकाळी दर्शन घेणे आणि दुपारी मांडवाच्या, धर्मशाळेच्या किंवा झाडाच्या सावलीत बिऱ्हाड टाकणे हे शहाणपण कुणाला शिकवावे लागत नाही. यात्रा अनेक दिवसांची आणि मुक्कामाची असल्यामुळे ते परवडते. तिकिटाची मुदत संध्याकाळी संपत नाही, देवीही उद्या तेथेच असते.

दुसरा प्रकार झाडीपट्टीतील मंडईचा. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून होणारा झाडीबोलीचा प्रदेश. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा प्रकार, मिठाईची व खेळण्यांची दुकाने, कोठे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. देसाईगंज, ज्याला लोक वडसा म्हणतात, हे या नाट्यव्यवहाराचे केंद्र आहे, आणि तेथील मंडळ्या हिवाळाभर गावोगाव रात्रभर चालणारे प्रयोग करतात. येथे भर दुपार हीच आनंदाची वेळ आहे, कारण हिवाळ्याचे ऊन हवेसे असते. मुलांना विसावा लागतो तो उन्हासाठी नव्हे, पुढच्या जागरणासाठी. आणि तो न मिळाल्यास मूल पहिल्या अंकातच रंगमंचापुढच्या ताडपत्रीवर झोपी जाते, त्याच्या अंगावर शाल टाकली जाते व नाटक पहाटेपर्यंत चालू राहते. मूल झोपले म्हणून कार्यक्रम वाया गेला असे कुणाला वाटत नाही. मुलांच्या करमणुकीविषयीचा हा सैलपणा आजच्या सहलींतून हरवलेला आहे.

ताडोबाचा इतिहास या दोन्ही प्रकारांना छेद देतो. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, त्याचे देवस्थान तलावाकाठी मोठ्या झाडाखाली झाले आणि त्यावरून जंगलाला नाव पडले अशी परंपरा आहे. या देवाची आदिवासींची जत्रा पौष महिन्यात, म्हणजे थंडीत, भरत असे. जंगलाने आणि जंगलातल्या माणसाने एकमेकांना भेटण्यासाठी निवडलेला ऋतू हिवाळा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९३५ मध्ये येथे शिकारीला बंदी झाली, १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि ते महाराष्ट्रातील सर्वांत जुने ठरले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प झाला. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा आतल्या गावांचे पुढे पुनर्वसन झाले. माणसे बाहेर गेली आणि पाहुणे आत येऊ लागले.

या पाहुण्यांचा मुख्य हंगाम एप्रिल-मे हा आहे. पाने गळाल्यामुळे दूरवर दिसते, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते, आणि वाघ तेथे येतो. त्याच वेळी शाळांना सुट्टी असते. ज्या उन्हामुळे येथील मुलांची शाळा बंद ठेवावी लागते, त्याच उन्हात बाहेरगावची मुले वाघ पाहायला येतात, ही गंमत येथल्या लोकांच्या नजरेतून सुटलेली नसावी. मात्र मोहर्ली, कोलारा किंवा नवेगावच्या प्रवेशद्वारातून जिप्सी आत सोडण्याची पद्धत सकाळ आणि दुपार अशा दोन फेऱ्यांची आहे, तिच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, आणि सकाळची फेरी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचे मधले काही तास सामान्य पर्यटकाला जंगल बंद असते. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभा क्षेत्र बंद, मंगळवारी सुट्टी, आणि रोज दुपारी विसावा. एखाद्या गृहस्थाश्रमी घराचेच हे नियम वाटावेत. नियम करणाऱ्यांच्या मनात मुले नव्हती. वाघ सकाळी आणि संध्याकाळी हिंडतो, भर दुपारी पाण्यात किंवा बांबूच्या सावलीत पडून राहतो, आणि वन्यजीवांना माणसांच्या वर्दळीतून मोकळा वेळ मिळावा, ही त्यामागची कारणे आहेत. परंतु परिणाम असा झाला की महाराष्ट्रातील मुलांच्या सहलींच्या ठिकाणांपैकी जेथे आई-बापांना दुपारी मुलांना घेऊन सावलीत परतावेच लागते, असे हे एक उद्यान ठरले. दुपारी थांबावे की थांबू नये, ही चर्चा येथे होतच नाही. वाघाने ती आधीच संपवली आहे.

तुलनेसाठी करमणुकीचे उद्यान घ्यावे. मुंबईच्या गोराईतील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. दोन्हींच्या मागे १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात उघडलेल्या डिस्नीलँडचा नमुना आहे, आणि आजच्या अशा उद्यानांत प्रवेशद्वारावर एकदा पैसे भरायचे आणि दिवसभरात जमेल तेवढे पदरात पाडून घ्यायचे असते. या व्यवस्थेत दुपारचे दोन तास बाजूला ठेवणे म्हणजे भरलेल्या पैशांतून काही सोडून देणे, आणि म्हणूनच तेथे लहान मुलांना घेऊन गेलेल्या कुटुंबात दुपारच्या विसाव्यावरून वाद होतो. एक पक्ष म्हणतो की एवढे दूर येऊन, एवढे पैसे घालून, झोपायचे असेल तर घरीच काय वाईट होते. दुसरा म्हणतो की तिसऱ्या प्रहरी किरकिरणाऱ्या पोराला घेऊन पाळण्याच्या रांगेत उभे राहण्यात कुणाची करमणूक आहे. महाकालीच्या यात्रेकरूला किंवा मंडईला पाहुणा म्हणून आलेल्या मामाला हा वादच समजला नसता, कारण त्यांनी दिवस विकत घेतलेला नव्हता. वरोऱ्याच्या खाणीतल्या मजुराला मात्र तो चांगला समजला असता. त्याचाही दिवस विकला गेलेला होता, फक्त पैसे उलट दिशेने येत होते. हिशेब मुलाच्या बाजूने केला तर पहिल्या पक्षाचे म्हणणे टिकत नाही. सकाळी प्रवेशद्वार उघडताच आत जावे, ऊन चढल्यावर मुलाला गार जागी आडवे करावे आणि सावल्या लांबल्यावर पुन्हा बाहेर पडावे, हा जुना जंगलातला दिनक्रम सिमेंटच्या उद्यानातही तेवढाच खरा आहे, कारण मुलाचे शरीर बदललेले नाही. खरी अडचण उद्यानातून दुपारी बाहेर पडून परत आत येऊ देतात की नाही आणि पडायला सावली कोठे आहे, ही असते. म्हणजे फिरून प्रश्न सावलीच्या मालकीवरच येतो.

ताडोबाच्या दारातही तो सुटलेला नाही. सकाळच्या फेरीहून परतलेले कुटुंब मोहर्लीच्या एखाद्या निवासात कूलरच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या गारव्यात झोपलेले असते, आणि त्याच वेळी बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याभोवतीच्या राखणीच्या पट्ट्यातील, गावांमध्ये मांडवाखाली पुडे बांधले जात असतात. तेंदू तोडणाऱ्या बाईला जंगलात जावे लागते ते पहाटे. पर्यटकाची जिप्सीही पहाटेच सुटते. आणि वाघाच्या हिंडण्याची वेळही तीच. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात वाघाच्या हल्ल्यात तेंदूपाने तोडणारी माणसे, त्यांत बऱ्याचदा स्त्रिया, मरण पावल्याच्या बातम्या येतात त्यामागे हे एकाच वेळेवर तिघांचे येऊन पडणे आहे. ऊन टाळण्यासाठी तिने जो प्रहर निवडला तो वाघानेही त्याच कारणासाठी निवडलेला असतो. भर दुपारी जंगल तिला त्यामानाने सुरक्षित ठरले असते, पण तेव्हा ४५ अंशांचे ऊन असते, आणि घरी झोळीत मूल असते.

तिसऱ्या प्रहरी प्रवेशद्वारापुढे जिप्सींची रांग पुन्हा लागते, झोपेतून उठवलेली मुले टोप्या घालून पुढच्या बाकावर जाण्यासाठी भांडतात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने डोक्यावर पुड्यांची टोपली आणि बोटाशी पोर घेऊन बाया फळीकडे निघालेल्या असतात.